खिंड किती उंच?

2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि आता प्रयोगशाळांना टाळे लागणार, संगणकच सारे सांगणार, असा गलबला झाला. अर्धे पारितोषिक नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना, उरलेले अर्धे प्रथिनांच्या आकाराचे भाकीत करणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना मिळाले. कौतुक रास्तच आहे. पण रेणूचा आकार कळणे वेगळे आणि दोन रेणू एकमेकांना भिडल्यावर नेमके काय घडते ते कळणे वेगळे. या दुसऱ्या प्रश्नावर आपली भाकरी अवलंबून आहे.

हा अलंकार नव्हे. युरिया अमोनियापासून बनतो आणि अमोनियातला नायट्रोजन हवेतून येतो. त्याच्या दोन अणूंमधला बंध भलताच चिवट. तो तोडायला मोलमागे 945 किलोज्यूल लागतात. फ्रिट्झ हाबर यांनी 1909 मध्ये प्रयोगशाळेत ही किमया साधली, 1913 मध्ये जर्मनीत ओपाउ येथे कारखाना सुरू झाला. उत्प्रेरक लोखंडाचा, तोही हजारो चाचण्या करून सापडलेला. 400 ते 500 अंश तापमान, दाब प्रचंड. मूळ कृती आजही तीच! भारतात युरियासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा भाग परदेशातून येतो, हे लक्षात घेतले म्हणजे तापमान थोडे उतरण्याचे मोल कळते.

मग अडते कुठे? कोकणातून देशावर यायचे तर घाट चढावा लागतो. रेणूंचेही तसेच, वाटेत ऊर्जेची खिंड असते. उत्प्रेरक डोंगर पाडत नाही, दुसरी ठेंगणी खिंड दाखवतो. हायड्रोजनसाठी असा नकाशा हेन्री आयरिंग व मायकेल पोलान्यी यांनी 1931 मध्येच काढला होता. पुढे इलेक्ट्रॉनांचे किचकट गणित आटोक्यात आणल्याबद्दल वॉल्टर कोन आणि जॉन पोपल यांना 1998 चे नोबेल मिळाले. 2005 मध्ये तर डेन्मार्कमधील संशोधकांनी रुथेनियम या धातूवर अमोनिया किती वेगाने तयार होईल ते निव्वळ गणिताने काढले, आणि ते प्रयोगाच्या बरेच जवळ आले.

खरी गोम यापुढे आहे. नेहमीच्या तापमानाला खिंडीची उंची जेमतेम सहा किलोज्यूलने चुकली, तर वेगाचा अंदाज दहापट चुकतो. सहा म्हणजे वरच्या 945 च्या एक टक्काही नाही! आणि रोजच्या वापरातल्या गणनपद्धती एवढी चूक सहज करतात. त्याच आकड्यांवर शिकवलेली कृत्रिम बुद्धिमत्ता कैक पटींनी वेगवान असते खरी; पण गुरुजींचा पाढा चुकला, तर शिष्य तोच चुकीचा पाढा अधिक झपाट्याने म्हणतो.

म्हणून संगणकाने हजार उत्प्रेरक सुचवल्याची बातमी वाचली, की एवढेच विचारावे: त्यातले किती भट्टीत घालून पाहिले? अमोनियाच्या बहुतेक कारखान्यांत अजून लोखंडच आहे.