डोळ्यांनी ऐकणारी मंडळी

"स्वतः ऐकून बघा सर, फरक कळेलच!" हाय-एण्ड स्पीकरच्या शोरूममध्ये हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. सव्वा लाखाच्या जोडीशेजारी चार लाखांची जोडी. सेल्समन आधी स्वस्त वाजवतो, मग महाग. (मधे आवाज हळूच वाढवतो का, तेवढं बघत जा.) आपण मान डोलावतो आणि वर्षाचा बोनस तिथेच ठेवून येतो.

फरक नसतोच असं मी म्हणत नाहीये. महागड्या केबलींचं सोडा, पण स्पीकरांच्या आवाजात खरोखर फरक असतो. म्हणून तर तुलना धड हवी ना!

१९९४ साली फ्लॉईड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हर्मन कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा उघड, एकदा पडद्याआड. उघड ऐकताना मोठ्या, महागड्या स्पीकरांना भरघोस मार्क, छोट्या स्वस्त सेटला कमी. पडदा आला आणि ही दरी बरीच आटली. खरी गंमत पुढेच. खोलीतली जागा बदलली की स्पीकरचा आवाज बदलतो. पडद्याआड लोकांना तो बदल जाणवत होता. स्पीकर दिसत असताना मात्र त्यांचे मार्क फारसे हललेच नाहीत. आणि ही स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतली माणसं, बरं का!

"पण तयार कानाला कळतं हो." बरं. २००३ मध्ये ऑलिव्हने २६८ जणांच्या पडद्याआडच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. तयार आणि नवखे, दोघांच्या पसंतीचा क्रम जवळजवळ एकच. तयार मंडळींच्या मार्कांत सातत्य जास्त, इतकंच.

शिवाय तुमच्या घरची खोली शोरूमएवढी नसते. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमायला लागते. तो 'दमदार बेस' निम्मा तुमच्या बिल्डरने दिलेला असतो.

तेव्हा दोन्ही जोड्यांचा आवाज मीटर लावून सारखा करायला सांगा. डेसिबलभर मोठं वाजलं तरी ते 'जास्त खुलं' वाटतं. पुढे पातळ कापड लावा आणि बदलाबदल दुसऱ्याला करू द्या. जमत नसेल तर जोडी आठवडाभर घरी मागा. माझ्या एका मित्राने मागितली, तर "इतका जड माल ट्रायलला नाही पाठवत" म्हणाले. पैसे भरले असते तर त्याच संध्याकाळी टेम्पो यायला तयार होता.