संमतीच्या आडून शिरणारा जाहिरातदार

पाटणसारख्या तालुक्याच्या गावी सामान्य माणसाचा शासनाशी येणारा बहुतेक संबंध आज संगणकाच्या पडद्यातूनच येतो. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र हे सारे आता 'डाउनलोड' करावयाचे असते. कोयनेच्या खोऱ्यातील वाडीवस्तीवरचा विद्यार्थी एस.टी. धरून खाली येतो तो या कागदासाठी, आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी एकाच पानावर 'डाउनलोड' लिहिलेली तीन-चार बटणे दिसावीत, त्यांतील खरे एक आणि बाकीच्या जाहिराती असाव्यात, चुकीच्या बटणावर बोट पडताच संगणकात नको ती प्रणाली शिरावी, हा अनुभव आता कोणास नवा राहिलेला नाही. या आगंतुक प्रणालींना अ‍ॅडवेअर म्हणतात. आपल्याकडे त्यांना फार तर उपद्रव म्हटले जाते. वास्तविक ती दुसऱ्याच्या घरात घुसून त्याच्याच भिंतीवर फलक लावण्याची कृती आहे.

तिचे काम कसे चालते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एखादा फॉन्ट, पीडीएफ जोडण्याचे साधन किंवा व्हिडिओ उतरवून घेण्याची प्रणाली फुकट मिळते. ती बसविताना 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' अशी बटणे दाबली जातात आणि मधल्या एका पडद्यावर आधीच खूण केलेल्या चौकटीतून दुसरीच एखादी प्रणाली आत येते. मग ब्राउझरचे पहिले पान बदलते, शोधयंत्र बदलते, साध्या संकेतस्थळावर नसलेल्या जाहिराती दिसू लागतात आणि मागितलेल्या फाइलऐवजी भलतीच फाइल उतरते. वापरणाऱ्याने पूर्वीची मांडणी परत आणली, तरी संगणक पुन्हा सुरू होताच ती बदललेली असते. कारण मूळ प्रणाली आत दडून असते आणि ब्राउझरमध्ये दिसतो तो केवळ तिचा परिणाम.

हा खोडसाळपणा नव्हे, हा व्यापार आहे. प्रत्येक संगणकावर प्रणाली बसली की बसविणाऱ्यास पैसे मिळतात, प्रत्येक शोध वळविला की वळविणाऱ्यास हिस्सा मिळतो. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षाक्षेत्रातील कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या अशाच एका प्रणालीचा अहवाल प्रसिद्ध केला. बीजिंग येथील एका जाहिरात कंपनीकडे बोट दाखविणाऱ्या त्या अहवालात जगभरातील २५ कोटी संगणक बाधित असल्याचा अंदाज होता आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे २ कोटी ५३ लाख, भारतातील होते. हा आकडा फुगविलेला असू शकतो असे मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटले, पण धोका खरा असल्याचे मान्य केले. आकड्याविषयी वाद असला, तरी फुकट प्रणालीच्या पाठीवर बसून आत शिरण्याची रीत वादातीत आहे.

केवळ आडवाटेच्या संकेतस्थळांनाच दोष देता येईल अशीही स्थिती नाही. मुक्त प्रणालींचे मोठे भांडार म्हणून नावाजलेल्या सोर्सफोर्जने २०१३ पासून काही प्रणालींना जाहिरातींची जोड देणारी योजना चालविली. टीका झाली आणि २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर ती बंद करण्यात आली. लेनोवोच्या काही लॅपटॉपांत तर २०१४ साली 'सुपरफिश' ही प्रणाली कारखान्यातूनच बसविलेली होती. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या पानांतही जाहिराती घुसविता याव्यात म्हणून तिने संगणकात स्वतःचे प्रमाणपत्र रोवले होते. सर्व यंत्रांत त्याची किल्ली एकच असल्याने बँकेचे व्यवहारही तिसऱ्या माणसास वाचता येण्याचा धोका निर्माण झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१७ मध्ये कंपनीशी तडजोडीचा करार करून तिच्यावर बंधने घातली. जाहिरातीसाठी उघडलेली खिडकी चोरासही उपयोगी पडते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. जाहिरातींवाचून फुकट सेवा कशा चालणार? वृत्तपत्रेही जाहिरातींवरच जगतात. आक्षेप खरा आहे, पण गैरलागू आहे. वृत्तपत्रातील जाहिरात जाहिरात म्हणूनच छापलेली असते आणि पान उलटले की ती मागे राहते. ती वाचकाच्या कपाटात शिरून त्याची पुस्तके बदलून ठेवीत नाही. जाहिरात करण्याचा अधिकार आणि दुसऱ्याच्या यंत्रावर ताबा मिळविण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीवाचून संगणकात दूषित प्रणाली घालणे भरपाईस पात्र आहे. संगणकाचे नित्याचे कार्य बळकावणाऱ्या सूचनांचाही त्या व्याख्येत समावेश आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अडचण आहे ती 'परवानगी' या शब्दात. 'तुम्हीच तर मान्य आहे असे बटण दाबलेत', असे उत्तर तयार असते. परंतु दोन व्यक्तींनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. फॉन्ट हवा म्हणून बटण दाबणाऱ्या कारकुनाने शोधयंत्र बदलण्यास कोणत्या अर्थाने मान्यता दिली? इंग्रजीतील बारीक टाइपाची पाने मराठी माध्यमात शिकलेल्या माणसापुढे टाकून मिळविलेली सही ही संमती नव्हे, ती फसवणूक आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्या नोंदविल्या आहेत. दुसरे काही असल्याचे भासविणारी जाहिरात त्यांत आहे, तसेच 'तुमच्या संगणकात विषाणू आहे' अशी भीती घालून खोटे सफाईसाधन विकणेही आहे. दिशा योग्य आहे. मात्र कलम ४३ खालील भरपाईच्या दाव्यांचा न्यायनिर्णय करणारे अधिकारी म्हणजे राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव. पाटणच्या विद्यार्थ्याने हुकलेल्या अर्जासाठी मंत्रालयाचे दार ठोठवावे, ही अपेक्षा व्यवहारात निरर्थक ठरते.

म्हणून तूर्त स्वतःचा बचाव शिकणे क्रमप्राप्त आहे, आणि तो अवघड नाही. क्रम मात्र पाळावयास हवा. प्रथम संगणकातील प्रणालींची यादी तारखेनुसार लावून, उपद्रव सुरू झाला त्या सुमारास आलेली अनोळखी प्रणाली काढावी. मग ब्राउझरला जोडलेली अनावश्यक एक्स्टेन्शन्स काढून ब्राउझर मूळ स्थितीत आणावा आणि संकेतस्थळांना दिलेली 'नोटिफिकेशन'ची परवानगी रद्द करावी, कारण कोपऱ्यात उगवणाऱ्या कित्येक जाहिराती केवळ त्या परवानगीवर जगतात. शेवटी विंडोजमधीलच सुरक्षासाधनाने 'ऑफलाइन' तपासणी करावी, म्हणजे दडलेली प्रणाली जागी होण्यापूर्वीच सापडते. खासगी संगणकावरील ब्राउझर 'संस्थेच्या व्यवस्थापनाखाली' असल्याचे सांगू लागला, तर संशय घ्यावा. शंका राहिल्यास बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. आणि सफाईचे साधन जाहिरातीतून कधीही घेऊ नये.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र सफाईची साधने विनामूल्य देते. त्यांतील एक साधन पुण्याच्या क्विक हीलचे आहे. या कंपनीचे संस्थापक कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. कॅल्क्युलेटर व रेडिओ दुरुस्तीच्या कामातून पुढे येऊन त्यांनी धाकटे बंधू संजय यांच्यासह हा व्यवसाय उभारला. याच मातीतील माणसे ही विद्या हस्तगत करू शकतात, तर ती शाळा-कचेऱ्यांपर्यंत का पोहोचू नये?

तथापि सारा भार वापरणाऱ्यावर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. शाळा, ग्रामपंचायती आणि सेवा केंद्रांतील कित्येक यंत्रे जुनी असतात, आणि विंडोज १० चा नियमित सुरक्षा-आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला. ज्या यंत्रावर शेकडो नागरिकांचे आधार क्रमांक व बँक खाती उमटतात, त्याची तपासणी ठराविक मुदतीने झालीच पाहिजे आणि तिची जबाबदारी एका नामनिर्देशित अधिकाऱ्यावर असली पाहिजे. शासकीय कामासाठी लागणारे फॉन्ट व साधने शासनाच्याच संकेतस्थळावर एका ठिकाणी मिळाली, तर आडवाटेने जाण्याचे कारण उरणार नाही. संमतीचा मजकूर मराठीत आणि ठळक असावा, आधी केलेली खूण बेकायदा ठरावी, आणि भरपाईची दाद जिल्ह्याच्या ठिकाणी मागता यावी. यांपैकी एकाही गोष्टीस नवे तंत्रज्ञान लागत नाही. कारभार पडद्यावर नेण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे, तेव्हा तो पडदा स्वच्छ ठेवण्याचे कर्तव्यही शासनाचेच आहे.