न उच्चारलेला शब्द

अमेरिकेत २००४ साली झालेल्या एका कायद्यान्वये, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला दरवर्षी १७ सप्टेंबरच्या सुमारास राज्यघटनेविषयी काहीतरी शिकवावेच लागते. १७८७ साली त्याच दिवशी फिलाडेल्फियात घटनेच्या मसुद्यावर ३९ जणांच्या सह्या झाल्या. मिडल स्कूलमधील, म्हणजे साधारणतः सहावी ते आठवीतील मुलांपुढे हा प्रसंग बहुधा एखाद्या भित्तिचित्रासारखा येतो: अध्यक्षस्थानी वॉशिंग्टन, वृद्ध फ्रँकलिन, शासनाच्या तीन शाखा आणि पाठ केलेला सरनामा. वस्तुतः हा विषय जितका इतिहासाचा तितकाच भाषेचाही आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाला तो वाचनाचा विषय म्हणूनच शिकवला पाहिजे.

सरनाम्याचेच पाहा. ऑगस्ट १७८७ च्या मसुद्यात ‘आम्ही लोक’ या शब्दांमागोमाग तेरा राज्यांची नावे ओळीने होती. परिषदेला प्रतिनिधीच न पाठवणारे ऱ्होड आयलंडही त्यांत होते. सप्टेंबरात गूव्हर्नर मॉरिसच्या लेखणीने (गूव्हर्नर हे नाव, पद नव्हे) ती यादी जाऊन तेथे केवळ ‘संयुक्त संस्थानांचे’ एवढे शब्द आले. नऊ राज्यांची मान्यता मिळताच घटना त्यांच्यापुरती अमलात येणार होती. ती नऊ कोणती, हे आधी कोण सांगणार? पण अडचणीतून निघालेली ही वाट फार दूर गेली. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीने जाब विचारला, की ‘राज्ये’ न म्हणता ‘लोक’ म्हणण्याचा अधिकार यांना कोणी दिला? गंमत अशी, की १९७० च्या दशकात ‘स्कूलहाउस रॉक’ या दूरचित्रवाणी मालिकेने सरनाम्याला चाल लावली तेव्हा आरंभीचे नेमके हेच शब्द गळले. एका पिढीतील कित्येकांना सरनामा मुखोद्गत आहे, तो भांडणाची जागा वगळून.

याहून मोठी वगळ मूळ घटनेतच आहे. तीत ‘गुलाम’ वा ‘गुलामगिरी’ हा शब्द कोठेही नाही. प्रतिनिधींची संख्या ठरवताना तीन-पंचमांश धरायच्या त्या ‘अन्य सर्व व्यक्ती’. १८०८ पर्यंत ज्यांची आयात काँग्रेसला रोखता येणार नव्हती त्या ‘अशा व्यक्ती’. आणि पळून गेल्यास परत करायची ती ‘सेवेस वा श्रमास बांधलेली व्यक्ती’. ‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत प्रथम आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, ती प्रथा संपवताना. हे तीन उतारे मुलांच्या हाती द्यावेत आणि एवढेच विचारावे: या व्यक्ती कोण? तीन-पंचमांश म्हणजे दक्षिणेने केलेला अपमान, असे मुलांना सहज वाटते. गुलामांचे मालक त्यांना पूर्ण मोजा म्हणत होते, कारण मत न देणाऱ्या त्या माणसांच्या बळावर मालकांच्या जागा वाढत होत्या, हे कळले की वर्ग क्षणभर गप्प होतो.

एवढ्या लहान वयात श्रद्धा का मोडायची, असा आक्षेप येईल. परंतु या मौनाचा अर्थ एकपदरी नाही. मनुष्य ही मालमत्ता होऊ शकते ही कल्पना घटनेत शिरू देणे अनुचित, असे मत मॅडिसनने मांडले आणि आपल्या टिपणांत नोंदवले. तो स्वतः गुलामांचा मालक होता. ती टिपणे त्याच्या मृत्यूनंतर, १८४० साली छापली गेली. गुलामगिरीचा कडवा विरोधक गॅरिसन घटनेला पापाचा करार मानत होता. ४ जुलै १८५४ रोजी त्याने तिची प्रत जाहीरपणे जाळली. त्याचा एके काळचा सहकारी फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून निसटलेला. १८५१ पासून तो उलट सांगू लागला, की संहितेत गुलाम हा शब्दच नाही, तर ती स्वातंत्र्याच्या बाजूने वाचा.

आठवीच्या वर्गाचे दोन गट करावेत. एकाकडे गॅरिसनची बाजू, दुसऱ्याकडे डग्लसची, आणि पुरावा फक्त संहितेतला. एक तास पुरणार नाही. तीन शाखांच्या तक्त्यातून दुसरा काढावा.