हलक्या रायफलीचे वजन

शिकाऱ्याने हलकीच रायफल घ्यावी, असे जिम कॉर्बेटची हकिगत वाचून कोणालाही वाटेल. १९३० साली चौगडची नरभक्षक वाघीण ओढ्याच्या पात्रात अवचित समोर आली, तेव्हा त्याच्या डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती. उजव्या हातातली .२७५ रायफल त्याने तसूतसूने वळवली आणि एकहाती बार काढला. आपल्या यशाचे श्रेय त्याने हलक्या रायफलीला दिले, तसे अंड्यांनाही! अंडी नसती तर तो गर्रकन वळला असता.

आपल्याकडे १९७२ चा कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौशी शिकार बंदच आहे. ते योग्यच झाले. अमेरिकेत मात्र परवान्याने हरणे मारतात आणि डोंगर चढायचा म्हणून सहा पौंडांची बोल्ट-ॲक्शन रायफल घेतात. काडतूस तेच ठेवून नऊ पौंडांची रायफल सहावर आणली, की धक्क्याची ऊर्जा दीडपट होते. हा साधा भौतिकीचा हिशेब; दुकानदार सांगेलच असे नाही. शिवाय धापा टाकणाऱ्याच्या हातात हलकी नळी ठरत नाही.

एन.सी.सी.च्या शिबिरात .२२ रायफलीचा धक्का नावालाच असतो, तरी आम्ही चाप ओढताना डोळे मिटत होतो. तेथे चुकलेली गोळी मातीत जाते. जंगलात ती पोटात बसते आणि जनावर रात्रभर झाडीत तडफडते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की रायफलीइतकाच पैसा काडतुसांवर आणि सरावावर खर्च करण्याची तयारी नसेल, तर त्या गृहस्थाने जडच रायफल घ्यावी आणि डोंगर थोडा कमी चढावा.