सोळा लिटर पाण्यात एक गोळी

मी लातूरचा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आमच्या शहरात पाणी आलं, तेव्हा टँकरपुढच्या रांगेत मीही घागर घेऊन उभा होतो. पाणी नसणं म्हणजे काय, ते मला कळतं. म्हणूनच असलेलं पाणी नासवून वर त्याला ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आमची मांजरा बीडच्या बालाघाटात उगम पावते आणि तेलंगणात जाऊन मंजीरा होते. तिथे, हैदराबादजवळच्या पाटणचेरूत, सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामाईक प्रक्रिया केंद्रात येत असे. योआकिम लार्सन या स्वीडिश संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. 2007 साली त्यांचा निबंध आला. दर लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन! म्हणजे सोळा लिटर पाण्यात पाचशेची एक अख्खी गोळी. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं. लक्षात घ्या, हे प्रक्रिया झाल्यानंतरचं पाणी.

मग प्रक्रिया कशावर झाली? आपली केंद्रं मुख्यतः बीओडी-सीओडी पाहतात, म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाईल याचं माप. ते उतरलं की पाणी पास. औषधाचा अंश त्या मापात वेगळा दिसतच नाही. शिवाय ही घाण खाण्याचं काम जिवाणूंकडे असतं, आणि अँटिबायोटिक तर जिवाणूच मारतं. जे तगतात ते औषधाला न जुमानणारे. आपला हा गुण ते शेजारच्या जिवाणूंनाही देतात. म्हणजे शुद्धीकरणाच्या टाकीतच आपण चिवट जिवाणूंची पैदास करतो.

लातूर वरच्या अंगाला, आपल्याला काय त्याचं, असं म्हणता येईल. पण हे जिवाणू केवळ नदीने जात नाहीत. ते माणसांबरोबर फिरतात आणि इस्पितळात पोचतात.

सरकारला हे ठाऊक नव्हतं, असंही नाही. जानेवारी 2020 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणतं अँटिबायोटिक किती चालेल, याच्या मर्यादा त्यात होत्या. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या!

यावर ठरलेलं उत्तर असतं: औषधं महागतील, गरिबांचं काय? गरिबांचा हा कळवळा मला पटत नाही. ज्या गोळीने ताप उतरत नाही, ती दोन रुपयांना मिळाली तरी महागच. आणि मग वरचं, इंजेक्शनचं औषध घ्यायला शेत गहाण कोण टाकतं? कारखानदार नव्हे.

उपाय नाहीत असंही नाही. स्वित्झर्लंडने 2016 पासून कायदा करून निवडक केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा जादा टप्पा आणला. युरोपीय संघाने 2024 मध्ये अशा टप्प्याचा किमान 80 टक्के खर्च औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला. आपल्याकडे तर काम सोपं आहे: गाळ जिथे तयार होतो त्या कारखान्याच्या दारातच तो अडवा, सामाईक टाकीत मिसळू देऊ नका.

मुदत संपलेल्या गोळ्या बेसिनमध्ये टाकू नका, असा उपदेश आम्हाला केला जातो. नाही टाकणार. पण आधी 2021 मध्ये खोडलेल्या त्या मर्यादा पुन्हा लिहा. तोवर ‘प्रक्रिया केलेलं पाणी’ हे शब्द तरी वापरू नका.