टॅबलेट गप्प का बसला?



गेल्या अंकात मी लोणच्याच्या बरण्यांवर लिहिलं, तेव्हा बऱ्याच मैत्रिणींचे फोन आले. या खेपेचा विषयही फोनच आहे, पण न वाजलेला. विषय थोडा यंत्राबिंत्राचा वाटेल, तरी पान उलटू नका. ज्यांचे आईवडील, सासूसासरे अजून तिकडे आहेत, त्या सगळ्यांच्या घरचा हा विषय आहे.

आम्ही ब्रॅकनेलला आलो १९८० साली. तेव्हा पुण्याला फोन करायचा म्हणजे एक समारंभच असायचा. कॉल बुक करायचा, वाट बघत बसायचं आणि लागला की "कशी आहेस, बरी आहे, पत्र मिळालं का" एवढंच ओरडून बोलायचं. आमच्या माहेरी फोन नव्हता, तो खालच्या मजल्यावरच्या काकांकडे. आई जिना उतरून येईपर्यंत एक मिनिट त्यातच जायचं. पुढे १६ एप्रिल १९९५ ला इथले नंबर बदलले, ते पुष्कळांना आठवत असेल. परदेशी फोनसाठीचा ०१० जाऊन ०० आला आणि आमच्या ब्रॅकनेलच्या ०३४४ चा ०१३४४ झाला. मग आली कोपऱ्यावरच्या दुकानातली कॉलिंग कार्डं. नाण्याने खरवडायचं आणि तो लांबलचक आकडा दाबायचा, त्यात एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून! आता फोन जवळजवळ फुकट झाला, आणि तो वाजणारच असं आपण धरून चालायला लागलो. माझं चुकलं ते इथेच.

गेल्या नोव्हेंबरातला एक मंगळवार. सकाळी लायब्ररीत जाताना मी मोबाइलचा आवाज बंद केला. घरी आल्यावर तो कोटाच्या खिशातच राहिला. मला फिकीर नव्हती, कारण मुलाने वर्षापूर्वी माझा मोबाइल टॅबलेटला जोडून दिला होता. टॅबलेट असतो स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला. मोबाइल मुका असला तरी टॅबलेट वाजायचा आणि हाताला कणीक असली तरी करंगळीने फोन घेता यायचा. मोठी सोय होती.

संध्याकाळी पाचला, म्हणजे पुण्यात रात्री साडेदहाला, दादाने फोन केला. आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि सकाळी लवकर ऑपरेशन ठरलं होतं. हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर इंटरनेट नीट मिळेना, म्हणून त्याने साधा फोन लावला. एकदा नाही, चार वेळा. मी त्या वेळी टॅबलेटसमोर उभी राहून भाजी चिरत होते. टॅबलेटवर रेडिओ छान चालू होता. रिंग एकदाही वाजली नाही.

रात्री साडेनऊला कोट खुंटीला लावताना मोबाइल हाताला लागला. चार मिस्ड कॉल. पुण्यात पहाटेचे तीन वाजले होते, तरी लावला. दादाने लगेच उचलला. तो रागावला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, "आई सारखी विचारत होती, लागला का रे फोन. शेवटी इंजेक्शन दिलं, आता झोपली आहे."

आई शहाऐंशी वर्षांची आहे. देवाच्या दयेने ऑपरेशन नीट झालं, आता वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. दोन दिवसांनी तिच्याशी बोलणं झालं तेव्हा म्हणाली, "अगं, मला वाटलं तू कामात असशील." मी भाजी चिरत होते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी मुलगा रेडिंगहून आला, तेव्हा मी वही-पेन घेऊनच बसले. म्हटलं, दुरुस्त करून जाऊ नकोस, मला समजावून सांग. त्याने दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली आणि पाच मिनिटांत कारण सापडलं. दिवाळीत आमच्याकडे पाहुणे होते. त्यांच्यासाठी राउटरवरचं पाहुण्यांचं वेगळं वाय-फाय चालू केलं होतं. नातवाने सिनेमा लावताना टॅबलेटही त्यावरच जोडला. पाहुणे गेले, टॅबलेट तिथेच राहिला. घरचाच टॅबलेट, पण घरात पाहुणा होऊन बसला होता. दोष यंत्राचा नव्हता, आमचाच होता. ज्या ब्रॅकनेलमध्ये १९६१ पासून २००३ पर्यंत हवामान खात्याचं मुख्य कार्यालय होतं, जिथून साऱ्या देशाला उद्याचा पाऊस सांगितला जायचा, तिथे मला माझ्याच स्वयंपाकघरातला फोन कळला नाही!

आता वहीत लिहून घेतलेलं तुम्हाला सांगते.

मुळात एक गोष्ट समजून घ्या. साधा फोन येतो तो मोबाइलमधल्या सिमकार्डावर. टॅबलेटला तो परस्पर येत नाही. मोबाइल घरच्या वाय-फायवरून टॅबलेटला निरोप देतो, "अरे, फोन आलाय, तूही वाज." हा निरोप पोचला नाही तर टॅबलेटला काही पत्ताच नसतो. रेडिओ, सिनेमा, ईमेल मात्र चालू राहतं, कारण त्याला मोबाइलची गरज नाही. "इंटरनेट चालतंय म्हणजे सगळं ठीक आहे" ही माझी समजूत इथेच खोटी ठरली.

पहिली तपासणी वाय-फायची. दोन्ही यंत्रांवर वाय-फायचं नाव वाचा. ते अक्षरशः एकच पाहिजे. पाहुण्यांचं वाय-फाय मुद्दामच घरच्या यंत्रांपासून वेगळं ठेवलेलं असतं, त्यामुळे निरोप पलीकडे जात नाही. याच कारणाने मी पर्समध्ये मोबाइल घेऊन लेक्सिकनला खरेदीला गेले की घरी टॅबलेटवर ह्यांना रिंग ऐकू येत नाही. काही मोबाइल कंपन्या 'वाय-फाय कॉलिंग' इतर यंत्रांवरही देतात, त्यात मोबाइल लांब असला तरी चालतं. पण सगळ्या कंपन्या देत नाहीत, आपल्या कंपनीला विचारून घ्यावं.

दुसरी तपासणी खात्याची. मोबाइल आणि टॅबलेट एकाच खात्यावर हवेत. नवराबायकोत हा घोळ फार होतो. टॅबलेट वाढदिवसाला ह्यांना मिळालेला, खातं ह्यांचं आणि मोबाइल आपला. मग आपले फोन तिथे वाजणार कसे?

तिसरी तपासणी बटणाची. आयफोन आणि आयपॅड असेल तर ही सोय २०१४ पासून आहे, पण बटण दोन्हीकडे चालू लागतं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये 'फोन'च्या पानावर 'कॉल्स ऑन अदर डिव्हाइसेस' उघडा आणि त्या यादीत आपल्या आयपॅडच्या नावापुढचं बटण चालू आहे का बघा. आयपॅडवर 'फेसटाइम'च्या पानावर 'कॉल्स फ्रॉम आयफोन' शोधा. नव्या आवृत्त्यांत ही पानं सेटिंग्जच्या तळाशी 'ॲप्स'मध्ये गेली आहेत, तेव्हा दिसली नाहीत तर घाबरू नका. फोन आणि टॅबलेट दोन्ही सॅमसंगचे असतील तर 'कॉल अँड टेक्स्ट ऑन अदर डिव्हाइसेस' या नावाचं बटण आहे, तेही दोन्हीकडे लागतं.

चौथी तपासणी शांततेची. 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं की फोन गप्प बसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण २०२१ पासून आयफोनवर ते लावलं की त्याच खात्यावरचा आयपॅडही गप्प बसू शकतो. 'शेअर अक्रॉस डिव्हाइसेस' हे बटण त्यासाठीच आहे. रात्री झोपताना मोबाइलवर लावलं आणि सकाळी काढायला विसरलं, की दिवसभर स्वयंपाकघरातही शांतता.

पाचवी तपासणी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. नको त्या विक्रीच्या फोनांना कंटाळून आपण अनोळखी नंबर गप्प करून ठेवतो. व्हॉट्सॲपमध्येही २०२३ पासून तसं बटण आहे. आयफोनच्या २०२५ च्या आवृत्तीत तर अनोळखी माणसाला यंत्रच नाव आणि काम विचारू शकतं. आता विचार करा, संकटाच्या वेळी फोन कोणाचा येतो? दादाच्याच मोबाइलवरून येईल असं नाही. शेजाऱ्यांचा येईल, हॉस्पिटलचा येईल, सोसायटीच्या वॉचमनचाही येईल. हे नंबर आपल्याकडे साठवलेले नसले तर यंत्राच्या लेखी ते सगळे अनोळखीच. मी आता माहेरच्या वाड्यातल्या चार घरांचे, डॉक्टरांचे आणि औषधवाल्याचे नंबर +९१ लावून साठवले आहेत.

राहिलं व्हॉट्सॲप. त्याची तऱ्हा निराळी. तिथे फोन इंटरनेटवरून येतो आणि जोडलेल्या टॅबलेटवर परस्पर पोचतो, मोबाइल घरी असो वा नसो. आयपॅडसाठी वेगळं व्हॉट्सॲप मे २०२५ मध्ये आलं. मात्र दोन अटी आहेत. एक, टॅबलेटवर व्हॉट्सॲपला सूचना दाखवायची परवानगी दिलेली हवी. नवं ॲप घातलं की यंत्र ती विचारतं आणि आपण घाईत "नको" म्हणून टाकतो. दुसरी, मूळ मोबाइल चौदा दिवस वापरला नाही तर जोडलेली यंत्रं आपोआप सुटतात. भारतात गेल्यावर इथलं सिम काढून मोबाइल कपाटात टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एवढं सगळं नीट करून झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तरीसुद्धा टॅबलेटवर विसंबू नकोस. तो निरोप्या आहे, फोन नाही." हे मला पटलं. सोय म्हणून टॅबलेट उत्तम, पण आईची बातमी एकाच निरोप्याच्या हाती सोपवायची नाही. म्हणून आम्ही घरात तीन नियम केले आहेत.

पहिला नियम. दादाकडे आता आमचा घरचा ०१३४४ चा नंबरही भिंतीवर लिहिलेला आहे. मोबाइल नाही लागला तर तो लावायचा. त्याला जोडणी लागत नाही, तो सरळ वाजतो. मात्र जुन्या तारेवरचे फोन जानेवारी २०२७ अखेर बंद व्हायचे आहेत, आणि पुष्कळांचे घरचे फोन आत्ताच राउटरवर गेले आहेत. वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. ज्यांचा सगळा भार घरच्या फोनवरच आहे अशा वयस्कर मंडळींना वीज गेल्यावर निदान एक तास तातडीचा फोन करता यावा, अशी सोय कंपनीने द्यायची असते. तुमच्याकडे तशी वेळ असेल तर मागून घ्या, संकोच करू नका.

दुसरा नियम. तातडीचं असेल तर दादाने तीन मिनिटांच्या आत दोनदा फोन करायचा. आयफोनच्या 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये 'रिपीटेड कॉल्स' चालू असेल तर दुसरा फोन आत येतो. शिवाय आयफोनवर एखाद्या माणसाच्या रिंगटोनच्या पानावर 'इमर्जन्सी बायपास' असं बटण आहे. ते दादा आणि वहिनीच्या नावाला लावून टाकलं. आता मोबाइल मुका असला तरी त्या दोघांचा फोन वाजतो. त्या मंगळवारी हे लावलेलं असतं तर कोटाच्या खिशातूनही मला ऐकू आलं असतं.

तिसरा नियम सगळ्यात सोपा, आणि आपल्या जुन्या विद्येचा. मिस्ड कॉल! दर रविवारी सकाळी दहाला दादा साधा फोन करतो. आम्ही उचलत नाही, फक्त मोबाइल, टॅबलेट दोन्ही वाजतात का ते ऐकतो. मग तो घरच्या नंबरावर करतो. पैसा खर्च नाही, वेळ दोन मिनिटं. राउटर बदलला, यंत्राने रात्रीतून नवी आवृत्ती घातली, नातवाने काही दाबलं, तर रविवारी कळतं. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी नाही.

गेल्या रविवारी टॅबलेट वाजला आणि सवयीने मी उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात रिंग थांबली. लगेच घरचा फोन वाजला. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर आईच आली. म्हणाली, "वाजला ना गं? दादाने मलाच करायला लावला. आता तू कामात असलीस तरी मला कळेल." मी म्हटलं, "आई, तुझा फोन असला की मी कामात नसते."

तर मंडळी, हा अंक हातातून खाली ठेवलात की पहिल्यांदा आपल्या टॅबलेटवरचं वाय-फायचं नाव वाचा. मग तिकडे एक मिस्ड कॉल द्यायला सांगा. वाजला तर आनंद, नाही वाजला तर आज कळलं, हे काय थोडं झालं?