मुक्काम मैत्रिणीकडे

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं पुण्याहून ग्वाल्हेरपर्यंत स्वतःच्या गाडीनं जाऊन आलो आणि वाटेत एकदाही हॉटेलात उतरलो नाही, हे कळल्यापासून ओळखीच्या बायकांचे प्रश्न थांबत नाहीत. "लोकांच्या घरी राहायचं म्हणजे अवघडल्यासारखं होत नाही?" हा पहिला आणि "खर्च किती आला हो?" हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पेट्रोल नि टोल, बाकी फारसं काही नाही. पहिल्याचं मात्र सविस्तर द्यायला हवं.

रस्ता म्हणजे जुना मुंबई-आग्रा रस्ता. पुण्याहून निघून तो नाशिकला गाठायचा. मग धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट चढून सेंधवा, खलघाटला नर्मदा, पुढे इंदूर, देवास, गुणा, शिवपुरी आणि ग्वाल्हेर. एका बाजूनं सुमारे ११०० किलोमीटर. होळकर-शिंद्यांच्या मागोमाग मराठी घराणी ज्या मुलखात गेली आणि तिथलीच होऊन राहिली, तो हा मुलूख. त्यामुळे घर सोडून इतकं लांब आलो तरी दारावर मराठी आडनावाची पाटी दिसते, देवघरात गौरी-गणपतीची आठवण निघते आणि पोह्यांवर मात्र शेव नि जिरावन असतं!

मुक्कामांची यादी ह्यांनी केली. नाशिकला ह्यांचे वर्गमित्र, इंदूरला ह्यांचे जुने सहकारी, ग्वाल्हेरला ह्यांचे वसतिगृहातले मित्र. कागद वाचून मी विचारलं, "आणि ह्यात माझं कोण?" हे म्हणाले, "अगं, सगळे आपलेच की." खरंच आहे. ह्या सगळ्यांच्या घरी मी 'वहिनी' म्हणून प्रेमानं गेलेली आहे. पण मैत्रिणींनो, तुम्हीच आठवून पाहा. लग्नानंतर नवऱ्याचे मित्र घरचे होतात, त्यांच्या बायकांशी आपली गट्टीही जमते. पण आपल्या कॉलेजच्या बाकावरची मैत्रीण कुठल्या गावी आहे, हे किती जणींना सांगता येईल? तिचं आडनाव बदललेलं, गाव बदललेलं. फोन बदलला की धागा तुटतो.

माझी अशी एक मैत्रीण देवासला आहे, एवढं मला ठाऊक होतं. तिच्या माहेरी फोन करून नंबर मिळवला. इंदूरपासून देवास जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. "मग अर्धा तास चहाला थांबू," असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तुमच्या तिन्ही मित्रांकडे रात्रीचा मुक्काम आणि माझ्या मैत्रिणीकडे चहा, हा हिशोब मला पटत नाही. थोडी बोलाचाली झाली. शेवटी इंदूरची एक रात्र कमी करून ती देवासला दिली.

आता पाहुणचाराच्या गोष्टी. निघालो ते भाऊबीज उरकल्यावर. सणाच्या ऐन दिवसांत कुणाच्या दारात उभं राहू नये. नंतर गेलं की फराळही शिल्लक असतो आणि घरची बाई जरा बसलेली असते. आणखी उशीर केला तर डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरकडे दाट धुकं पडतं, गाडी चालवणं जिवावर येतं. भेट म्हणून मिठाईचे पुडे नेले नाहीत. इंदूरकरांना मिठाई नेऊन काय द्यायची? प्रत्येक घरासाठी घरचा गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं आणि सांडगी मिरच्या अशी एकेक पिशवी बांधली होती. इंदूरच्या आजींनी मेतकुटाचा डबा उघडून नुसता वास घेतला, त्यात मला सगळं मिळालं.

आपल्या चादरी आणि टॉवेल बरोबर न्यावेत. दोन माणसं एक रात्र राहून गेली की मागे धुण्याचा ढीग पडतो, आणि तो कोण उपसतं हे तुम्हाला सांगायला नको. किती वाजता पोचणार आणि जेवून येणार की जेवायला येणार, हे सकाळीच कळवावं. "बघू, वाटेत ठरवू" हे पुरुषांचं उत्तर यजमानीणबाईंच्या कणकेला उपयोगी पडत नाही. एका घरी दोन रात्रींच्या वर राहू नये. इंदूरसारख्या गावी ओला-सुका कचरा घरोघर वेगळा ठेवतात. स्वच्छ शहरांत २०१७ पासून वर्षानुवर्षं त्याचा पहिला नंबर आला तो उगाच नव्हे. तेव्हा केळीची सालं टाकण्याआधी डबा कुठला ते विचारावं.

वाटेसाठी मी दशम्या केल्या होत्या. कणीक पाण्याऐवजी दुधात, गूळ विरघळवून भिजवायची. थंडीच्या दिवसांत दोन दिवस मऊ राहतात. सोबत लसणीची कोरडी चटणी. धामणोदहून आत वळून महेश्वरचा घाट पाहिला, तिथे पायऱ्यांवर बसून त्या खाल्ल्या. अहिल्याबाईंची ही राजधानी. इथली साडी घेताना काठ उलटसुलट करून पाहा. खऱ्या महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. इंदूरला रात्री सराफ्यात गेलो. दिवसा सोन्याची दुकानं आणि रात्री त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस नि गरम जिलबी. ह्यांना तिथून हलवणं कठीण झालं होतं.

देवासला पोचलो ते संध्याकाळी. टेकडीवर देवीची देवळं, आणि त्याच टेकडीखाली कुमार गंधर्व १९४८ साली आजारी अवस्थेत येऊन राहिले ते १९९२ पर्यंत, अखेरपर्यंत. हे सगळं दाखवायला मैत्रीण येईल असं मी धरून चालले होते. ती आली नाही, कारण तिला घर सोडता येत नाही. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन सहा वर्षं झाली. फोनवर तिनं ह्यातलं अक्षर काढलं नव्हतं. "सांगितलं असतं तर तू आली नसतीस," म्हणाली.

त्या रात्री आम्ही दोघी सासूबाईंच्या खोलीतच गादी टाकून झोपलो. झोपलो कसल्या! अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. नवऱ्याची कारखान्यात पाळी असली की रात्रीचं सगळं तिच्याकडे. दोनच्या सुमाराला गजर झाला तेव्हा मी तिला उठू दिलं नाही. कसं धरायचं, पाठीमागे उशी कुठे लावायची, हे तिनं पडल्या पडल्या सांगितलं आणि सांगता सांगताच तिला झोप लागली. चारची पाळीही मीच केली. सकाळी सात वाजता ती दचकून उठली नि घड्याळाकडे बघतच राहिली.

ह्यांनी सकाळी सासूबाईंची खुर्ची अंगणात उन्हात नेली आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. पोळ्या लाटताना मैत्रीण हळूच म्हणाली, "ह्या घरात पाहुणे पुष्कळ येतात गं. पण माझं म्हणून राहायला आलेलं तू पहिलीच." आम्ही निघायचे होतो आठला, निघालो दुपारी दोनला. ह्यांनी एकदाही घड्याळ दाखवलं नाही, हे नमूद करायला हवं.

पुढचा प्रवास चांगला झाला. गुण्याला अंधार पडला म्हणून तिथेच ह्यांच्या मित्राच्या ओळखीनं एका घरी रात्र काढली. शिवपुरीला तात्या टोप्यांना १८५९ साली फाशी दिलं ती जागा पाहिली, ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंची समाधी आणि किल्ला. ग्वाल्हेरच्या भावजींनी आग्रह करकरून खाऊ घातलं.

परत येताना देवासला पुन्हा थांबलो, ह्या खेपेस ह्यांनीच गाडी वळवली. तिच्या नणंदेशी मी फोनवर बोलले. मे महिन्यात चार दिवस आईजवळ येऊन राहीन असं त्यांनी कबूल केलं आहे. इंदूरहून पुण्याला थेट रेल्वे आहे. तारीख तेवढी अजून ठरायची आहे.